तीनदा नापास करणारे ब्रदर

ब्रदरांनी मला तीनदा नापास केलं. तिसऱ्यांदा नापास करण्याच्या पाचच दिवस आधी त्यांनी मला पास केलं होतं, आणि तो पास मी माझ्या पायांनी चालत जाऊन परत देऊन आले. पुण्याला आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, तुला लहानपणापासून पदरात पडलेलं धड सांभाळता येत नाही. पुढे तासभर तिने उदाहरणं दिली.

ब्रदरांना नाव होतं, चांगलं भारदस्त, देवाचं आणि वडिलांचं मिळून. पण चौतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात नर्सिंगचं काम केलेल्या पुरुषाला सगळं हैदराबाद ब्रदरच म्हणतं, आणि निवृत्तीनंतर कुणी आदराने 'सर' म्हटलं तर ते मागे वळून बघायचे की हा सर कोण आला. आमच्या सेंटरच्या डायरेक्टर मॅडम त्यांना ब्रदर म्हणत, झाडूवाल्या अम्माही ब्रदर म्हणत. मला मात्र ते जड गेलं. मी भूलतज्ज्ञ, पंधरा वर्षांचा अनुभव, आणि माझी परीक्षा घेणार एक निवृत्त ब्रदर. पहिल्या दिवशी हे कळलं तेव्हा माझ्या नाकावरचा राग तिथे बसलेल्या सगळ्यांनी पाहिला असणार.

आमचं सेंटर म्हणजे काय ते आधी सांगते. तिथे माणसं दिवसातून तीन-चार वेळा मरतात, पण ती प्लास्टिकची. पलंगावर एक पुतळा असतो, त्याला नाडी असते, श्वास असतो, पलीकडच्या काचेमागून आमच्यापैकी कुणीतरी त्याचा रक्तदाब वरखाली करतं आणि माइकवरून त्याच्या आवाजात कण्हतं. पुरुष पुतळ्याला सगळे नवाबसाब म्हणतात, बाळंत होणाऱ्या बाईच्या पुतळ्याला बेगम. शिकाऊ डॉक्टर आणि नर्सेस त्यांना वाचवायला धावतात. पंधरा मिनिटांत तो खेळ संपतो. मग शेजारच्या खोलीत सगळे गोल करून बसतात आणि काय झालं, का झालं, मनात काय चाललं होतं, यावर त्याच्या दुप्पट वेळ बोलतात. त्याला डीब्रीफिंग म्हणतात, आणि शिकायचं असतं ते तिथेच. ते घेणाऱ्या शिक्षकाला ते कितपत जमलं, हे ठरवणं ब्रदरांचं काम. मुलांना ते कधीच मार्क देत नसत. ते आम्हाला देत.

आणि बसायचे कसे, तर पाठ करून. गोलाच्या बाहेर खुर्ची, तोंड भिंतीकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा रुसलाय. मी विचारलं तर म्हणाले, "चेहरा बघितला की माणूस फितूर होतो, बाई. तुम्ही हसलात की मी दोन मार्क जास्त देणार. कानाला लाच देता येत नाही." थिएटरात ते मॉनिटरकडे पाठ करून हत्यारं लावायचे आणि नाडीचा टीं-टीं आवाज जरा उतरला की भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या आधी मान वर करायचे, अशी त्यांची ख्याती होती. डायरेक्टर मॅडम तेव्हा तिथे शिकाऊ होत्या. टेबलावर पेशंट गेला की ब्रदर सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत चहाला बसवत आणि सर्जनपासून वॉर्डबॉयपर्यंत प्रत्येकाला एकच विचारत, तुम्ही काय पाहिलं. पुढे मॅडम परदेशात जाऊन महागडा कोर्स करून आल्या आणि म्हणाल्या, हे तर ब्रदर कधीपासून करताहेत. मग त्यांनी त्यांना विद्यानगरच्या घरातून उचलून आणलं.

सेंटरचा छापील फॉर्म ते शेवटच्या मिनिटाला भरायचे, तेही दाढी उरकल्यासारखं. त्यांचा खरा कागद वेगळा. जुन्या ईसीजीच्या कागदाची मागची कोरी बाजू, तिच्यावर एक गोल, गोलावर बसलेल्यांची टिंबं, आणि जो बोलला त्याच्यापासून ज्याला बोलला त्याच्यापर्यंत एक रेघ. कुणी बोललं नाही तर बाजूला सेकंद. माझं पहिलं चित्र त्यांनी माझ्या हातात दिलं तेव्हा त्यावर सगळ्या रेघा एकाच टिंबातून निघाल्या होत्या आणि ते टिंब मी होते. बावीस मिनिटं मी एकटी बोलले होते. मला तर वाटलं होतं की रंगलं. "सूर्य काढलाय तुम्ही," ते म्हणाले, "चांगला आहे. पण पोरं भाजली." नापास.

दुसऱ्या वेळी मी तोंडाचा पट्टा आवरून फक्त प्रश्न विचारले. एकामागून एक, सतरा प्रश्न. तरीही नापास. ऑक्सिजन आधी द्यायला हवा होता असं नाही का वाटत तुम्हाला, हा माझा प्रश्न त्यांनी मला वाचून दाखवला आणि म्हणाले, यात उत्तर तुम्हीच दिलंय, पोराने नुसती मान हलवायची. शिवाय प्रश्न विचारून मी दोन सेकंदसुद्धा थांबत नव्हते. "पुण्याच्या लोकांना शांतता झाली की काय वाटतं काय की, कुणीतरी दार लावून घेतलं असं वाटतं. थांबा जरा. मनात वीस मोजा. वीस होईपर्यंत जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही."

मी घरी येऊन नवऱ्यापुढे थयथयाट केला. एका ब्रदरला माझ्या बोलण्यातलं काय कळतं, असंही म्हणाले. हे मी इथे लिहितेय कारण म्हटलं होतं ते खरं आहे, आणि आता त्याची लाज वाटते.

नुसतेच खत्रूड असते तर मी दुसरं सेंटर शोधलं असतं. पण माणूस विलक्षण मायाळू होता, आणि ती माया नको तिथे उतू जायची. केस संपली की पोरं नवाबसाबला तसाच उघडा टाकून निघायची, तर हे जाऊन त्याच्या अंगावर चादर ओढायचे. प्लास्टिकचा असला म्हणून काय, त्याच्यासमोर बायाबापड्या येतात-जातात, म्हणायचे. डब्यात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची चटणी आणायचे, आणि ज्याला नापास केलं त्याला त्या दिवशी अर्धी भाकरी खावीच लागायची. मी दोनदा खाल्ली. चटणी अप्रतिम होती, तेवढाच राग जास्त आला.

जानेवारीत नामपल्लीच्या मैदानात नुमाइश, ते मोठं प्रदर्शन, भरली की हे रोज संध्याकाळी तिकीट काढून आत जायचे. खरेदीला नाही. हरवलेली मुलं आणून बसवतात त्या तंबूबाहेर बाकावर बसायला. एकदा मलाही नेलं. तिथल्या दोन स्वयंसेविकांपैकी एक मुलाला विचारायची, तुझी अम्मी कुठे आहे. की पोरगं भोकाड पसरायचं, कारण तेच तर त्याला माहीत नव्हतं. दुसरी खाली उकिडवी बसायची आणि विचारायची, काय खाल्लंस रे आज. मग पोरगं सांगायचं, मिरची भजी खाल्ली, मग पाळण्यात बसलो, मग अम्मी बांगड्या बघत होती. की ही निघाली बांगड्यांच्या गल्लीत. ब्रदर मला कोपराने ढोसून म्हणाले, ही बघा, हिला कुणी डीब्रीफिंग शिकवलं नाही. मला खरोखर हेवा वाटला त्या मुलीचा.

घरीही हेच. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत होत्या की एकदा दूध उतू गेलं तर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, काय झालं असं तुला वाटतं. काकूंनी दोन दिवस चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी ब्रदरांनी विचारलं, चहा का नाही असं मला वाटतं ते सांगू का. "मी म्हटलं, मनात वीस मोजा," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

तर तिसरी वेळ. ती माझ्यासाठी साधी नव्हती. बाळंतपणातल्या आणीबाणीचा एक नवा कोर्स मी वर्षभर खपून बांधला होता, छोट्या गावांतल्या डॉक्टर-नर्सेससाठी. पास झालेल्या शिक्षकालाच तो चालवता येणार होता, आणि पंधरा दिवसांनी पहिली तुकडी येणार होती. मी पास झाले नाही तर तो एका सहकाऱ्याकडे जाणार होता, जो माझ्याच स्लाइड दाखवून माझ्यासमोर भाव खायला कमी करणार नाही. तेव्हा ही शेवटची संधी होती आणि मी ती सोडणार नव्हते.

त्या दिवशी बेगम बाळंत झाली आणि तिला रक्तस्राव सुरू झाला. आम्ही मुद्दाम रक्ताच्या पिशवीवर दुसऱ्याच बाईचं नाव लावून ठेवलं होतं. शिकाऊ डॉक्टर घाईत होता, त्याने ओरडून पिशवी मागितली आणि ती तशीच लागली. मग आम्ही गोल करून बसलो. ब्रदर पाठ करून भिंतीकडे. मी एक चांगला प्रश्न विचारला, आजही मला तो चांगला वाटतो. म्हटलं, पिशवी लावण्याआधीच्या त्या मिनिटात प्रत्येकाच्या मनात काय चाललं होतं. आणि थांबले. एक, दोन, तीन. कुणी बोलेना. मी पाय घट्ट रोवून मोजत राहिले. बारा-तेराच्या सुमारास एसीखालच्या खुर्चीवरची आदिलाबादकडची एक नर्स काहीतरी पुटपुटली, मला वाटलं शेजारणीशी बोलतेय. चौदा, पंधरा. वीस झाले आणि मी सुटकेचा श्वास सोडून पुढे गेले. थोड्या वेळाने म्हणालेसुद्धा, की बघा, पिशवीवरचं नाव तुमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही.

ब्रदर उठले ते हसतच. चित्रात रेघांचं जाळं झालं होतं आणि बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शांतता, वीस सेकंद, उत्तम. "अशी शांतता मी ह्या खोलीत ऐकली नव्हती, बाई," म्हणाले आणि सही केली. माझा जीव भांड्यात पडला. येताना नारायणगुड्याला उतरून मी मिठाई घेतली.

दुसऱ्या दिवशी आपापला व्हिडिओ बघायचा असतो, तसा मी बघायला बसले, खरं तर स्वतःचं कौतुक करून घ्यायला. खोलीतला माइक नेमका एसीखालच्या त्या खुर्चीच्या डोक्यावर लटकलेला आहे. तेराव्या सेकंदाला ती मुलगी तेलुगूत अगदी स्पष्ट बोलली होती. पिशवीवर नाव दुसरं होतं, मी पाहिलं, पण डॉक्टर ओरडत होते म्हणून बोलले नाही. एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याच दिशेला तोंड करून आकडे मोजत होते. मग मी म्हणाले, कुणीच पाहिलं नाही. तिने मान खाली घातली आणि पुढे पंचवीस मिनिटं वर केली नाही.

मी व्हिडिओ बंद केला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. मग ब्रदरांचं चित्र काढून पाहिलं. तिच्या टिंबातून एकही रेघ निघालेली नव्हती. मी मोजण्यात गुंतले होते, पण यांना काय झालं? मग एकेका गोष्टीचा अर्थ लागायला लागला. हल्ली बोलताना ते डावीकडे वळून उभे राहतात. फोन काकूच उचलतात. गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये मागून गाडीने हॉर्न दिला तर सगळे बाजूला झाले आणि हे चालतच राहिले. ब्रदरांना हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. आणि पाठ करून बसत असल्यामुळे ओठ हलताना तरी दिसावेत, तेही नाही.

चार दिवस मी सेंटरमध्ये कुणाला बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, सोड ना, पास झालीयेस, दोन वेळा त्याने उगाच पाडलं त्याची भरपाई समज. मीही तसंच समजून बघितलं. सांगितलं तर माझा कोर्स जाणार. त्यांचं तर सगळंच जाणार होतं, कानावर अख्खं नाव उभं असलेला माणूस तो. गप्प बसण्याला मी दया असं गोड नाव दिलं आणि चार दिवस झोपले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ते डबा खात होते तेव्हा लॅपटॉप घेऊन समोर बसले. मनात मी नीट वाक्यं जुळवून नेली होती, पण ऐन वेळी सगळी पळाली. नुसता व्हिडिओ लावला. त्यांनी आवाज वाढवायला सांगितला. मी वाढवला. अजून, म्हणाले. तो तेवढाच होता. त्यांनी स्क्रीनवर त्या मुलीचे ओठ पाहिले, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिले. मग भाकरी डब्यात ठेवून माझ्याकडे न बघता विचारलं, काय म्हणाली ती. मी सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून पाहिलं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

मला वाटलं, कानाबद्दल बोलतील, नाहीतर रागावतील. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"तुम्हाला कळून किती दिवस झाले?"

"चार."

"चार दिवस ती पोरगी वॉर्डात काम करतेय, बाई." त्यांचा आवाज चढला नाही. "एकदा तोंड उघडलं तिने आयुष्यात, अन् आपण दोघांनी ते बंद केलं. उद्या खऱ्या पिशवीवर खोटं नाव असलं तर ती बोलेल का?"

कोर्स, पास, त्यांची अब्रू, सगळ्याचा विचार मी चार दिवस केला होता, फक्त त्या मुलीचा केला नव्हता.

ब्रदर लगेच उठले. आधी डायरेक्टर मॅडमकडे गेले आणि उभ्याउभ्या सांगितलं की माझा कान गेलाय, मागच्या सहा महिन्यांत मी ज्यांना पास केलं त्यांचे व्हिडिओ दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मॅडम बसा म्हणाल्या, पाणी मागवते म्हणाल्या, ते बसले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमचा पास मी काढून घेतोय. घ्या, मी म्हणाले. कोर्स त्या सहकाऱ्याकडे गेला आणि त्याने माझ्याच स्लाइड दाखवल्या, अगदी मला वाटलं होतं तसाच भाव खात. सहा महिन्यांनी दुसऱ्या परीक्षकाकडून मी पास झाले. तोवर ब्रदर घरी बसले होते, कानात यंत्र घालून, आणि त्यातून फक्त कुकरची शिट्टी नीट ऐकू येते अशी तक्रार करत. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी त्यांनी त्या मुलीची तुकडी हॉस्पिटलातून पुन्हा बोलावून घेतली. त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर. ह्या वेळी ते गोलात बसले, त्या मुलीच्या बरोबर समोर. तेलुगूत सांगितलं की मी बहिरा होत चाललोय आणि ते मी लपवून ठेवलं. ह्या मॅडम त्या वेळी मनात आकडे मोजत होत्या, आणि मोजायला त्यांना मीच शिकवलं होतं. तू बोललीस तेव्हा आम्ही दोघंही ऐकत नव्हतो. काय बोललीस ते आता सांग.

मुलगी घाबरून उभी राहिली. "मी काहीच बोलले नव्हते, सर."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो शिकाऊ डॉक्टर बुटांकडे बघत होता. ब्रदर मात्र तिच्या तोंडाकडे बघत राहिले. रागाने नाही, मार्क द्यायलाही नाही. ती बोलतेय की नाही हे कळायला त्यांना आता दुसरा मार्गच नव्हता. कुणी काही मोजलं नाही. बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही, अम्मा," ते म्हणाले.

ती पुन्हा बोलली. मला आलं ऐकू, सगळ्यांना आलं. त्यांनी कानामागे हात धरून मान हलवली. लबाडी नव्हती ती, त्यांना खरोखर येत नव्हतं. अजून मोठ्यानं, म्हणाले. तिने शेजारणीकडे पाहिलं, त्या डॉक्टरकडे पाहिलं, मग पोटातून आवाज काढून ओरडली की पिशवीवर नाव दुसरं होतं, मी पाहिलं होतं, मी पाहिलं होतं. बाहेर रिसेप्शनवरची मुलगी दार उघडून काय झालं म्हणून बघायला आली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

"हौ," ब्रदर म्हणाले, "आता आलं. पण वॉर्डात ह्याच्याहून मोठ्यानं बोलायचं, अम्मा. डॉक्टर लोकांना माझ्याहून कमी ऐकू येतं."

ती माझ्याकडे बघायला लागली, मी रागावते की काय म्हणून.

"खरं आहे," मी तिला म्हणाले.